रक्तातला लिंबू-सोडा : आपलं शरीर आम्लाचं करतं तरी काय?

ज्यांना आजचा एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा पडतो, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे कसं ना' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी सगळं तसंच आहे.

आज सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

माझा मावसभाऊ पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकतो. वय १९. त्याला लहानपणापासून टाइप १ डायबेटिस आहे, म्हणजे इन्सुलिनचं इंजेक्शन रोजचंच. नाव सांगत नाही, पण ही गोष्ट त्याला विचारूनच सांगतोय. एका रात्री दीडच्या सुमारास त्याच्या रूममेटचा फोन आला. "दादा, याला श्वास लागलाय. खूप जोरात घेतोय. धावून आल्यासारखा. पण हा तर दोन दिवस पडूनच आहे." मी विचारलं, परीक्षा आहे का? तो म्हणाला, हो, सोमवारी. झालं! मी अर्ध्या झोपेत निदान करून मोकळा. "पॅनिक अटॅक असेल रे. पंखा लाव, शांत कर त्याला, आणि कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांग."

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. रक्तातल्या आम्लाचं समीकरण परीक्षेत दोनदा लिहून मार्क मिळवलेत. आणि तरीही मी हा सल्ला दिला. तो किती चुकीचा होता हे पुढे कळेलच. सुदैवाने त्या पोराने माझं ऐकलं नाही. भाऊ नीट उत्तरं देईना, डोळे मिटायला लागला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला रिक्षात घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

तो तसा श्वास का घेत होता, हे आज समजून घेऊ.

आधी एक घोळ मिटवू

आपल्याकडे 'ॲसिडिटी झालीय' हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. मिसळ खाल्ली, जागरण झालं, पित्त उसळलं. ही ॲसिडिटी पोटातली. जठरात आम्ल असणं हे नॉर्मलच आहे, ते वर अन्ननलिकेत आलं की जळजळते. रक्ताचा आणि या जळजळीचा तसा काही संबंध नाही. छातीत कितीही जळजळलं तरी तुमच्या रक्तातलं आम्ल जागचं हलत नाही.

रक्ताचं गणित वेगळं आहे. शाळेत आपण 'सामू' शिकलो, तोच पीएच. ७ म्हणजे शुद्ध पाणी, त्याच्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाचा रस २ च्या आसपास. साबणाचं पाणी ९-१०, म्हणून तर शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो. आणि आपलं रक्त? ७.३५ ते ७.४५. बस्स, एवढीच जागा. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेलं तर माणूस वाचणं फार कठीण.

तुम्ही म्हणाल, ७.४ वरून ७.१ झालं तर काय एवढं? ०.३ चाच तर फरक. इथेच हे माप फसवतं. पीएच एका अंकाने उतरला की आम्ल दहापट होतं, आणि ०.३ ने उतरला की दुप्पट. थर्मामीटरवरच्या अंशांसारखे हे आकडे वाचायचे नसतात.

आणखी एक गंमत. आम्ल म्हणजे शेवटी काय, तर सुटे हायड्रोजन आयन. रक्ताच्या एका लिटरमध्ये ते जेमतेम ४० नॅनोमोल असतात. त्याच रक्तात सोडियम त्याच्या ३५ लाख पट आहे! इतक्या चिमूटभर गोष्टीची शरीराला एवढी काळजी का? कारण आपली एन्झाइम्स, स्नायू, हृदयाच्या पेशी हा सगळा प्रथिनांचा कारभार. प्रथिनाचा आकार बिघडला की त्याचं काम बिघडतं, आणि हायड्रोजन आयन प्रथिनांना चिकटून नेमका तो आकारच बदलतो. रक्त फार आम्ल झालं की हृदयाचं आकुंचन कमजोर होतं, पोटॅशियम पेशींमधून बाहेर यायला लागतं, मेंदूवर झापड येते.

आम्ल येतं कुठून?

खाण्यातून? थोडं. पण खरा कारखाना वेगळाच आहे.

तुम्ही आत्ता बसमध्ये बसून हे वाचताय, काहीच करत नाही आहात, तरी प्रत्येक पेशी साखर आणि चरबी जाळतेय. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं, सोड्याच्या बाटलीत असतं तेच. नुसतं बसून राहिलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला १३,००० ते १५,००० मिलिमोल इतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वजनात सांगायचं तर अर्ध्या किलोपेक्षा जास्त.

दुसरं आम्ल म्हणजे प्रथिनं पचवताना तयार होणारं सल्फ्युरिक वगैरे. हे वायू बनून उडून जात नाही, त्यामुळे श्वासावाटे निघत नाही. पण ते किती? दिवसाला साधारण ६० ते ७० मिलिमोल. म्हणजे पहिल्याच्या तुलनेत जवळजवळ दोनशे पट कमी.

हे दोन आकडे डोक्यात ठेवा. पहिलं आम्ल फुप्फुसं काढतात, दुसरं किडनी. आणि दोघांना वेळ मिळावा म्हणून मध्ये एक तिसरी व्यवस्था आहे. तिथपासून सुरू करू.

पहिली फळी : खायचा सोडा

स्वयंपाकघरात जा. ग्लासात थोडा खायचा सोडा घ्या, लिंबू पिळा. फस्स! फेस आला. काय झालं? लिंबातल्या आम्लाचे हायड्रोजन आयन सोड्यातल्या बायकार्बोनेटने पकडले. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार झाला, वायू उडून गेला. आम्ल गेलं कुठे? त्याचं पाणी झालं.

तुमच्या रक्तात अगदी हेच चालू आहे. रक्ताच्या एका लिटरमध्ये साधारण २४ मिलिमोल बायकार्बोनेट असतं, खायच्या सोड्यातलं तेच. आम्ल आलं रे आलं की ते पुढे होऊन त्याला पकडतं. यालाच बफर म्हणतात. हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनंही मदतीला असतात.

याने फरक किती पडतो? एक लिटर शुद्ध पाण्यात १ मिलिमोल तीव्र आम्ल टाकलं तर पीएच ७ वरून थेट ३ वर येतो. तेवढंच आम्ल एक लिटर रक्तात टाकलं आणि तयार झालेला वायू श्वासातून निघून गेला, तर ७.४० चं होतं जेमतेम ७.३८. लक्षातही येणार नाही.

पण त्या वाक्यातली अट पाहिलीत का? 'वायू निघून गेला तर.' लिंबू-सोडा उघड्या ग्लासात केलात तर फेस उडून जातो. तोच बाटलीत करून घट्ट झाकण लावलंत तर? वायू आतच कोंडतो, परत पाण्यात विरघळतो, परत आम्ल होतो. मग सोडा असूनही उपयोग नाही. शरीराच्या या बाटलीचं झाकण म्हणजे आपला श्वास.

दुसरी फळी : श्वास

एक प्रयोग करा. गाडी चालवत नसाल तरच. श्वास रोखून धरा. वीस सेकंद, तीस, चाळीस... आता नको नको होतंय ना? ही जी तडफड होते ती ऑक्सिजन संपल्याची नसते बरं का. तेवढ्या वेळात निरोगी माणसाचा ऑक्सिजन फारसा उतरतच नाही. वाढलेला असतो कार्बन डायऑक्साइड, आणि त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्यात वाढलेलं आम्ल. मेंदूच्या देठात त्यावर नजर ठेवणाऱ्या पेशी आहेत. रक्तातल्या या वायूचा दाब साधारण ४० असतो. तो दोन-तीन अंकांनी वाढला तरी त्या पेशी मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा जवळजवळ दुप्पट करतात. तुम्हाला न विचारता.

यावरून एक धोक्याची सूचना. विहिरीत किंवा टँकमध्ये बुडी मारण्याआधी 'जास्त वेळ टिकता येतं' म्हणून दहा-वीस जोरजोरात श्वास घेणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी मेंदूची घंटा वाजतच नाही. वर यायची इच्छा होण्याआधीच माणूस बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे असे गेलेत. कृपा करून हे करू नका.

कोपनहेगन, १९५२

श्वास आणि आम्ल यांचं हे नातं समजायला जगाला वेळ लागला. त्याची गोष्ट एकाच शहरात घडते, डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये.

पीएच हे मापच मुळात तिथलं. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीने चालवलेल्या प्रयोगशाळेत सोरेनसेन नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत. एन्झाइम्सवर प्रयोग करताना आम्ल मोजायला सुटसुटीत पद्धत हवी, म्हणून त्यांनी १९०९ मध्ये हे माप काढलं. रक्ताचा पीएच, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांचं जे समीकरण मी परीक्षेत लिहिलं, त्याला आजचं रूप देणारे हॅसेलबाल्खही त्याच शहरातले.

आता या १९५२ च्या उन्हाळ्यात. शहरात पोलिओची भयंकर साथ आली. लस अजून यायची होती. ब्लेगडाम हॉस्पिटलमध्ये अशी मुलं येऊ लागली ज्यांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच लुळे पडले होते. हॉस्पिटलकडे श्वास देणारी मोठी लोखंडी पेटी होती एक, आणि छातीवर बसवायची साधी यंत्रं सहा. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर या यंत्रांनी उपचार झाले. त्यातले २७ दगावले.

डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेटचा आकडा खूप वाढलेला दिसे. सोडा वाढलाय म्हणजे रक्त अल्कधर्मी झालंय, असा अर्थ काढला जाई. कशामुळे ते कळेना. मग ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्यांनी कागद पाहिले आणि उलटाच अर्थ काढला. ते म्हणाले, ही मुलं पुरेसा श्वासच सोडत नाहीयेत. वायू आत कोंडलाय. झाकण लावलेल्या बाटलीसारखा. कोंडलेल्या वायूतून आम्ल बनतं आणि त्याच्याच जोडीने बायकार्बोनेटही बनतं, म्हणून तो आकडा वाढलेला. रक्त अल्कधर्मी नाही, आम्ल आहे!

२७ ऑगस्टला त्यांना एका १२ वर्षांच्या मुलीवर हे करून दाखवायची संधी मिळाली. मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली. आधी ती इतकी तडफडत होती की हवा आतच जाईना. मग इब्सेननी तिला भुलीचं औषध दिलं, तिची धडपड थांबली आणि त्यांनी हाताने पिशवी दाबत तिच्या फुप्फुसात हवा भरायला सुरुवात केली. थोड्या वेळात तिचा कार्बन डायऑक्साइड उतरला, रंग परत आला. परत जुन्या यंत्रावर ठेवलं, वायू पुन्हा वाढला. पुन्हा हाताने हवा दिली, पुन्हा उतरला. प्रयोगशाळेत पोल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजला. इब्सेन बरोबर होते.

पण पिशवी दाबणार कोण? यंत्रं नव्हती. मग मेडिकलच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. तुमच्याच वयाची पोरं-पोरी. पाळ्या लावून, रात्रंदिवस, एकेका रुग्णाच्या उशाशी बसून ते हाताने पिशवी दाबत राहिले. महिनोन् महिने. साधारण दीड हजार विद्यार्थ्यांनी हे काम केलं. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण असे हातांवर जगत होते. आधी दहातले जवळजवळ नऊ दगावत होते, ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ती १२ वर्षांची मुलगीही त्या साथीतून वाचली.

पुढच्याच वर्षी इब्सेननी कोपनहेगनमध्ये गंभीर रुग्णांसाठी कायम लक्ष ठेवणारा वेगळा विभाग काढला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. आणि आयसीयूत मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन जी 'एबीजी' टेस्ट करतात ना, तीच ही : पीएच, कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट. त्याच तीन आकड्यांचा खेळ.

तिसरी फळी : किडनी

फुप्फुसं मिनिटांत काम करतात. किडनी शांत, सावकाश. तिला पूर्ण जोर लावायला तीन ते पाच दिवस लागतात. पण जे ती करते ते दुसऱ्या कुणाला जमत नाही.

तिचं पहिलं काम, सोडा वाचवणं. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळते. त्या पाण्याबरोबर बायकार्बोनेटही गाळलं जातं, सुमारे ४,३०० मिलिमोल. खायच्या सोड्याच्या भाषेत हे झाले साडेतीनशे ग्रॅमहून जास्त. दुकानात मिळणाऱ्या सोड्याच्या छोट्या पुड्या आठवा. अशा कितीतरी पुड्या रोज लघवीच्या वाटेला लागतात आणि किडनी त्या जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या परत रक्तात आणते.

दुसरं काम, रोजचं ते ६०-७० मिलिमोल आम्ल बाहेर टाकणं. ते तसंच सुटं टाकलं तर लघवी भाजून काढेल. म्हणून किडनी ते फॉस्फेटला आणि अमोनियाला बांधून पाठवते. हा अमोनिया ती स्वतः बनवते आणि गरज पडली की काही दिवसांत कितीतरी पटीने वाढवते. आणि बाहेर टाकलेल्या प्रत्येक आम्लाबरोबर रक्ताला एक नवं बायकार्बोनेट मिळतं. म्हणजे आम्ल विझवण्यात खर्च झालेला सोडा किडनी भरून देते.

म्हणूनच किडनी निकामी होत गेली की रक्तातलं आम्ल हळूहळू साठतं. घरात किडनीचा पेशंट असेल तर त्यांच्या औषधांत सोडा-बायकार्बच्या गोळ्या पाहिल्या असतील. त्या पोटाच्या ॲसिडिटीसाठी नसतात, या हिशोबासाठी असतात.

मग त्या 'अल्कलाइन' पाण्याचं काय?

हा प्रश्न येणार हे माहीत होतं! काळं पाणी, महागडी बाटली, 'शरीर अल्कलाइन ठेवा' म्हणणारे रील्स.

आता तुम्हीच हिशोब करा. पाणी आधी जाणार जठरात, जिथे पीएच २ च्या आसपास. तिथेच त्याची बरीचशी मिजास उतरते. त्यातूनही थोडं काही रक्तात पोचलं, तर किडनी जादाचा सोडा लघवीतून सोडून देते. तुमच्या लघवीचा पीएच बदलेल. साडेचारपासून आठपर्यंत तो बदलतच असतो, ते किडनी काम करतेय याची खूण आहे. रक्त ७.४ ला होतं, ७.४ लाच राहतं. लिंबू आंबट असूनही रक्त आंबट होत नाही ते यामुळेच. लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीर जाळून टाकतं. ओआरएसच्या पाकिटावर 'सायट्रेट' लिहिलेलं असतं पहा. जुलाबात शरीरातलं बायकार्बोनेट वाहून जातं, आणि शरीर त्या सायट्रेटपासून ते परत बनवतं.

निरोगी माणसाने असं पाणी प्यायलं तर पैशाशिवाय फारसं काही जाणार नाही. माझी भीती दुसरी आहे. 'शरीर अल्कलाइन केलं की डायबेटिस बरा होतो, इन्सुलिन सोडा' इथपर्यंत हे सल्ले जातात. आणि इथे आपण परत त्या रात्रीवर येतो.

त्या रात्री काय चाललं होतं

माझ्या भावाला दोन दिवस उलट्या होत होत्या. पोटात काही ठरत नव्हतं. त्याने विचार केला, जेवतच नाहीये तर इन्सुलिन कशाला घेऊ, उगाच साखर उतरायची. वरवर पाहिलं तर बरोबर वाटतं ना? पण आजारपणात शरीर स्वतःच साखर ओतत असतं, जेवा किंवा नका जेवू. इन्सुलिन नसेल तर ती साखर पेशींत शिरत नाही. पेशी उपाशी. मग शरीर चरबी बेसुमार तोडायला घेतं, आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात येतात. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात.

आयसीयूतल्या पहिल्या रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. पीएच ७.०९. म्हणजे आम्ल दुप्पट. बायकार्बोनेट २४ च्या जागी ५. सोडा जवळजवळ संपलेला. आणि कार्बन डायऑक्साइड ४० च्या जागी १७.

तो तिसरा आकडा बघा. पहिली फळी कोसळली होती, किडनीला दिवस लागणार होते. उरली होती फक्त फुप्फुसं. ती पूर्ण ताकदीने झाकण उघडं ठेवून वायू बाहेर फेकत होती, म्हणजे निदान त्या बाजूचं आम्ल तरी कमी व्हावं. रूममेटला दिसलेला तो धावून आल्यासारखा श्वास म्हणजे हेच काम. खोल, लांब, न थांबणारा. अडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये डायबेटिसच्या अत्यवस्थ रुग्णांत तो टिपला, म्हणून आजही त्याला कुसमाउल श्वास म्हणतात. त्यांच्या काळी इन्सुलिन नव्हतं. हा श्वास दिसला की पुढचं ठरलेलं असे.

आणि मी काय सांगितलं होतं? पिशवीत श्वास घे. म्हणजे बाहेर फेकलेला कार्बन डायऑक्साइड परत आत घे. नंतर एकदा मी कागद घेऊन बसलो आणि ते पाठ केलेलं समीकरण मांडलं. बायकार्बोनेट ५ च आहे, पण कार्बन डायऑक्साइड १७ ऐवजी नॉर्मल म्हणजे ४० झाला तर पीएच किती? उत्तर आलं ६.७. पिशवीने तो लगेच एवढा वाढला नसता, हे खरं. पण मी त्याला ढकलत होतो त्याच दिशेने. तो श्वास शांत करायचा नव्हताच. तोच त्याला धरून होता.

पॅनिकमध्येही श्वास वेगाने होतो. तिथे वायू गरजेपेक्षा जास्त जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. पण फोनवरून हे दोन श्वास वेगळे ओळखता येत नाहीत. मला नाही आले. म्हणून पिशवीचा सल्ला आता मी कुणालाच देत नाही.

भावाला सलाइन, इन्सुलिन आणि पोटॅशियम सुरू झालं. 'सोडाच दिला असता तर?' असं मीही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आम्ल बनायचा कारखाना चालू असताना वरून सोडा ओतून काय होणार? इन्सुलिन दिलं की कारखाना बंद पडतो, आणि जमा झालेल्या कीटोनपासून शरीर स्वतःच बायकार्बोनेट परत बनवतं. पीएच अगदीच खाली गेला तरच सोड्याचा विचार करतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पीएच ७.३५ च्या वर होता. श्वास आपोआप शांत झाला. कुणी शांत केला नाही.

एवढं लक्षात ठेवा

टाइप १ डायबेटिस असलेला मित्र, मैत्रीण, भावंडं असतील तर हे त्यांना वाचायला द्या. जेवण जात नसलं तरी इन्सुलिन स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही. डोस किती, ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटदुखी, तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, आणि खोल जोराचा श्वास, यातलं काही दिसलं तर साखर तपासायची, कीटोनची पट्टी असेल तर तीही. श्वास लागलाय किंवा माणूस झोपाळू होतोय, तर तपासत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल.

कधी कधी पहिल्यांदा डायबेटिस कळतो तोच अशा अवस्थेत. तेव्हा 'याला कुठे शुगर आहे' म्हणून थांबू नका.

तो रूममेट परवा भेटला. मी त्याला म्हटलं, बरं झालं माझं ऐकलं नाहीस. तो हसला. म्हणाला, "दादा, तुम्ही फोनवर होता. मी समोर बघत होतो."

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, मगाशी रोखलेला श्वास आता सोडा.